बोर्डाचं वर्ष आणि घरातली लेक

मैत्रिणींनो, संक्रांतीचं वाण लुटून झालं, तिळगुळाचा डबा तळाला गेला, की ज्या घरात दहावीचं लेकरू आहे त्या घराचा सूरच बदलतो. टीव्हीवर कापड पडतं, पाहुण्यांना हळूच "यंदा येऊ नका" असं कळवलं जातं. "अभ्यास कर" हे दोन शब्द दिवसातून इतक्यांदा बोलले जातात, की लेकराला ते ऐकूच येईनासे होतात. वडील रात्री घरी आल्यावर एकदा दरडावतात आणि आपलं कर्तव्य संपलं म्हणून जेवायला बसतात. बाकी सगळं आईच्या वाट्याला. पहाटे उठवायचं आईने, चहा द्यायचा आईने, आणि निकाल कमी लागला, तर "घरात बसून काय करत होतीस?" हेही ऐकून घ्यायचं आईनेच!

आमचं चौसाळा हे बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरचं, मांजरसुंब्याच्या पुढचं गाव. दिवसरात्र ट्रकांची घरघर आणि लग्नसराईत बॅण्डचा दणदणाट, अशातच इथली मुलं अभ्यास करतात. घर सांभाळून मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे या दिवसांत बाजारात, दळणाच्या गिरणीत, हळदीकुंकवाला आया भेटतात आणि एकच विचारतात, "बाई, आता एवढ्या दिवसांत काय होणार?" मी म्हणते, पुष्कळ होईल, पण आखणी पाहिजे. जी बाई महिन्याचा किराणा पगारात बसवते, तिला महिनाभराचा अभ्यास बसवता येणार नाही, असं होणारच नाही.

आधी हिशेब मांडा

दहावीचे सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, असे एकूण ६०० गुणांचे. त्यांतल्या सर्वांत चांगल्या पाच विषयांचे ५०० धरून टक्केवारी निघते. भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो, उरलेले २० शाळेतल्या तोंडी व अंतर्गत कामाचे. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांचे मात्र दोन-दोन पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे. म्हणजे बहुतेक मुलांना मराठी, हिंदी, इंग्रजी, बीजगणित, भूमिती, विज्ञान एक, विज्ञान दोन, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल असे नऊ पेपर लिहायचे असतात. कितीतरी घरांत हे नऊ पेपर मोजलेलेच नसतात. मग "गणित झालं" म्हणून मुलगा सांगतो, आणि झालेलं असतं फक्त बीजगणित.

आता दिवस मोजा. २०२४ साली लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. तेव्हा "मार्चची परीक्षा" हे आपल्या वेळचं गणित डोक्यातून काढून टाका. १५ जानेवारीपासून २० फेब्रुवारी उजाडेपर्यंत दिवस मिळतात ३६. त्यांतले सहा बाजूला काढून ठेवा. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, एखादं टाळता न येणारं लग्न, एखादा ताप-खोकला यांना ते लागतातच. राहिले ३० दिवस.

प्रत्येक पेपरला दोन दिवस धरले, तर नऊ पेपरांचे १८ झाले. लेकराला जे तीन पेपर जड जातात (बहुतेक घरी बीजगणित, भूमिती आणि इंग्रजी) त्यांना आणखी दोन-दोन दिवस दिले, की झाले २४. उरलेले सहा दिवस फक्त पूर्ण पेपर सोडवण्यासाठी. हा हिशेब कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावा. लेकराच्या हातानेच लिहून घ्या. आपण आखून दिलेलं मूल पाळत नाही, स्वतः लिहिलेलं थोडंतरी पाळतं.

एक मात्र सांगते. दोन दिवस म्हणजे सलग दोन दिवस एकच पुस्तक घेऊन बसणं नव्हे. एका दिवसाचे दोन अर्धे भाग करा. सकाळी डोकं ताजं असताना जड विषय, दुपारनंतर हलका. आज केलेला धडा चार दिवसांनी पुन्हा डोळ्यांखालून गेला पाहिजे. मुरांबा एका दिवसात मुरत नाही, अभ्यासाचंही तसंच आहे.

वाचणं वेगळं, आठवणं वेगळं

पुष्कळ मुलं पुस्तक उघडून तासन्‌तास बसतात, ओळींखाली रंगीत रेघा ओढतात आणि आईला वाटतं, पोर अभ्यास करतंय. पण पुरणपोळीची कृती शंभर वेळा वाचली म्हणून पोळी लाटता येते का? हात पिठात घालावाच लागतो.

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्यांना तो वाचून झाल्यावर बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं, तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात कितीतरी जास्त राहिलेलं होतं. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते, म्हणून आपल्या कामाची आहे ती दुसरी रीत.

घरी हे सोपं आहे. धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी नजर फक्त त्या लाल अक्षरांवर. गणित तर वाचायचंच नाही. सोडवलेलं उदाहरण झाकून ते कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सोडवायचं.

"पण बाई, मला काय कळतंय त्यातलं? मी आठवीतच शाळा सोडली," असं एक आई मला म्हणाली होती. तुम्हाला कळायची गरजच नाही. भाजी निवडताना पुस्तक आपल्या मांडीवर घ्या आणि लेकराला म्हणा, "सांग, या धड्यात काय आहे? मला समजेल असं सांग." ज्याला आईला समजावून सांगता येतं, त्याला तो धडा आला असं समजा. मध्येच अडखळलं, की तिथे खूण करा. आईच्या शिक्षणाशी याचा काही संबंध नाही, फक्त तिच्या अर्ध्या तासाशी आहे.

लातूरकडून काय घ्यावं

आपल्या मराठवाड्यात परीक्षेच्या तयारीचं नाव काढलं, की लातूर पॅटर्नचं नाव येतंच. डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य असलेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून ही पद्धत नावारूपाला आली आणि मागासलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या या भागातली मुलं त्या काळच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली. त्यात जादूटोणा नव्हता. जादा तास घ्यायचे, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा आणि मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा घ्यायच्या, हे त्यामागचं गमक. मुलाला खऱ्या पेपराची भीतीच राहत नाही, कारण तसे पेपर त्याने आधीच लिहिलेले असतात.

लातूरला जाऊन राहणं, खोलीचं भाडं, शिकवणीची फी हे सगळ्यांना परवडत नाही. पण त्यातली सरावाची गोष्ट घरी फुकट घेता येते. आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शाळेत मिळतात. त्या वाचायला नव्हे, घड्याळ लावून सोडवायला द्या. सकाळी ११ वाजता पाटावर बसवा, कारण खरी परीक्षा त्याच वेळी असते. मोबाइल आपल्याकडे, पाण्याची बाटली त्याच्याकडे. मध्ये उठायचं नाही.

वेळेचं गणित असं. ८० गुणांच्या पेपरला तीन तास, म्हणजे १८० मिनिटं. वाचायला आणि शेवटी तपासायला २० मिनिटं राखली, की एका गुणाला मिळतात दोन मिनिटं. पाच गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं, त्यावर नाही. ४० गुणांच्या पेपरला दोन तास, त्यांतली २० मिनिटं राखली, की एका गुणाला अडीच मिनिटं. पहिल्याच प्रश्नाला पानंच्या पानं लिहिणारी आणि शेवटचा प्रश्न कोरा सोडणारी हुशार मुलं मी दरवर्षी पाहते. त्यांना ज्ञान कमी पडत नाही, घड्याळ कमी पडतं.

आणखी एक बदल ध्यानात ठेवा. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळायची. २०२३ पासून ती रीत बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळू लागली. मोठ्या बहिणीच्या वेळचा सल्ला धाकट्याला देताना हे विसरू नका. केंद्रावर मात्र अर्धा तास आधी पोचायचंच.

लेकीचे नऊ दिवस

आता खरं सांगायचं ते सांगते. मुलगा दहावीला असला, की घरात त्याला कुणी हाक मारत नाही. मुलगी दहावीला असली, तर "एवढं पीठ भिजवून जा", "नळ आलाय, दोन घागरी भर", "भावाला जेवायला वाढ" हे चालूच राहतं. कुणी मुद्दाम करत नाही, सवय आहे आपली. पण एकदा मोजून पाहा. दिवसाला दोन तास घरकामात गेले, तर ३६ दिवसांचे ७२ तास झाले. रोज आठ तास अभ्यास धरला, तर ते पूर्ण नऊ दिवस होतात. नऊ पेपरांचे नऊ दिवस! भाऊ ३६ दिवस अभ्यास करून जातो आणि बहीण २७. तरीही ती त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवते, म्हणून आपण कौतुक करतो. पण ते नऊ दिवस तिला परत दिले असते तर?

तेव्हा कामाची फेरवाटणी करा. या दीड महिन्यात पोळ्या थोड्या कमी, भाकरी-पिठलं थोडं जास्त, असं चालेल. पापड-कुरडया एप्रिलपर्यंत थांबतात. पाणी भरायचं काम मुलाकडे किंवा यजमानांकडे द्या. सासूबाई कुरकुरल्या, तर त्यांनाच लेकीचा पहारेकरी नेमा. "आजी, तिला उठू द्यायचं नाही हं," असं म्हटलं, की त्यांना मानही मिळतो आणि काम टळतं.

हे मी एवढं का सांगते? आपल्या बीड जिल्ह्यात दहावीचा निकाल हा नुसता निकाल नसतो. मुलगा एखाद्या विषयात राहिला, तर "पुढच्या वेळी काढेल" म्हणतात. मुलगी राहिली, तर सोयरिकीची बोलणी सुरू होतात. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठरा पुरं होण्याआधी झालेलं होतं. कायद्याने तो गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी होतं, कारण "शाळा तर सुटली, आता घरी बसवून काय करायचं?" या प्रश्नाला आईजवळ उत्तर नसतं.

मैत्रिणींनो, उत्तर आहे, ते पाठ करून ठेवा. २०१५ पासून नापास झालेल्यांची परीक्षा त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा होते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले असले, तरी अकरावीला सवलतीने प्रवेश मिळून ते विषय नंतर काढता येतात. घरातल्या मोठ्यांना हे निकालाच्या दिवशी नव्हे, आजच सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी कुणी कुणाचं ऐकत नसतं. आणि एखाद्या लेकीवर लग्नाची जबरदस्ती होताना दिसली, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, तो पैसे न पडता लागतो.

लेकीच्या बाबतीत एक नाजूक गोष्ट. परीक्षेच्या तारखांत पाळी येणार असेल, तर ती पुढे ढकलायची गोळी दुकानातून परस्पर आणून देऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पिशवीत पॅड आणि जादा कपडा ठेवा आणि तिला सांगा, की बाईंना सांगून बाहेर जाता येतं. नुसत्या या धास्तीने पेपर बिघडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

जेवण, झोप आणि मोबाइल

फार थाटाचं काही नको. भाकरी, वरण, पालेभाजी, दही-ताक, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा यांत सगळं येतं. पेपराच्या सकाळी नवा पदार्थ करू नका, रोजचंच द्या. उन्हं तापायला लागलेली असतात, तेव्हा पाणी भरपूर प्यायला लावा.

झोप सात-आठ तास हवीच. दिवसभर आठवलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. रात्री दोनपर्यंत जागवून पहाटे पाचला उठवणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं आहे. वीज जाण्याच्या वेळा आपल्याला ठाऊक असतात, त्या वेळेला तोंडी विचारणं ठेवा आणि लिहायचं काम उजेडात करा. मोबाइल "अभ्यासाला लागतो" हे खरं आहे, पण चोवीस तास लागत नाही. बालभारतीची पुस्तकं हातात असताना पन्नास व्हिडिओ कशाला? तासभर ठरवून द्या, बाकी वेळ तो पिठाच्या डब्यावर. मात्र आपणही त्या वेळात रील पाहत बसायचं नाही, हे ओघाने आलंच.

चिठ्ठीचा मोह

हा विषय टाळून चालणार नाही. परीक्षेच्या दिवसांत केंद्राच्या भिंतीपाशी घुटमळणारे काका-मामा आपण पाहिलेले आहेत. काही आयाही म्हणतात, "सगळेच करतात, माझ्याच लेकराने काय पाप केलं?" १९८२ सालच्या राज्याच्या कायद्याने परीक्षेतले गैरप्रकार हा गुन्हा आहे. नांदेडमध्ये २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली, तेव्हा ती महाराष्ट्रभर गाजली होती.

पण कायदा बाजूला ठेवा. चिठ्ठीवर मिळालेली दहावी अकरावीत पहिल्याच महिन्यात उघडी पडते. आणि चिठ्ठी येईल या भरवशावर राहिलेलं मूल महिनाभर काही करत नाही, हा तोटा तर आधीच झालेला असतो. "तुला कमी पडले तरी चालतील, पण तुझे असू देत," हे आईने एकदा स्पष्ट बोलावं. लेकराच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तेवढ्याने उतरतं.

शेजारच्या लेकरासाठी

दसऱ्यानंतर आपल्या भागातल्या वस्त्या रिकाम्या होतात. कोयता घेऊन आईबाप कारखान्याकडे जातात आणि पट्टा पडल्यावर परततात. म्हणजे बोर्डाची परीक्षा येते तेव्हा नेमके ते घरी नसतात. दहावीचं पोर म्हाताऱ्या आजीपाशी असतं, कधी धाकट्या भावंडांचा स्वयंपाकही तेच करतं. शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली आहे. पण सगळीच लेकरं वसतिगृहात पोचत नाहीत.

तुमच्या गल्लीत असं एखादं लेकरू असेल, तर त्याला संध्याकाळी दोन तास आपल्या मुलाशेजारी बसू द्या. दोघं मिळून एकमेकांना प्रश्न विचारतील, तुमच्या लेकराचाही फायदाच आहे. पेपराच्या सकाळी त्याने काही खाल्लं का, एवढं विचारा. प्रवेशपत्र, दोन निळी पेनं, कंपासपेटी आपल्या मुलाची भरता, तशीच त्याचीही एकदा पाहा.

पेपर सुरू झाले की

पेपर देऊन आलेल्या लेकराला दारातच "कसा गेला?" म्हणून धरू नका. पाणी द्या, जेवू घाला. झालेल्या पेपराची उत्तरं तपासत बसू देऊ नका, कारण त्याने पुढचा पेपर बिघडतो. दोन पेपरांमधले सुट्टीचे दिवस आधीच कॅलेंडरवर मांडा आणि जड पेपरच्या आदल्या दिवशी फक्त ती लाल अक्षरं वाचायची, असा नियम ठेवा. लेकरू गप्प-गप्प राहू लागलं, जेवेना, झोपेना, "मला जमणारच नाही" म्हणू लागलं, तर रागावू नका. १४४१६ या सरकारी फोनवर मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येतं. त्यात लाज कसली?

२०२५ साली राज्यात दहावीला शंभरातली चौऱ्याण्णव मुलं पास झाली. म्हणजे शंभरात सहा राहिलीच. ती सहा कुणाच्या ना कुणाच्या घरातलीच होती. आपलं लेकरू त्यांत असलं, तरी त्या रात्री त्याचं ताट नेहमीसारखंच वाढलं गेलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला गेला पाहिजे.

आणि जाता जाता, तुमच्यातल्या ज्यांची शाळा लग्नापायी सुटली, त्यांच्यासाठी. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी बोर्डाचा १७ नंबरचा अर्ज असतो. जवळच्या शाळेत चौकशी केली, तर सगळं सांगतात. यंदा लेकीची पुस्तकं जपून ठेवा. मार्चनंतर ती रिकामी होतील, तेव्हा पुस्तक तुमच्या हातात आणि प्रश्न विचारायला लेक, असंही एक वर्ष घरात येऊ द्या.